वहीतलं पुसलेलं नाव

शरदिनी बँकेतून निवृत्त झाली तेव्हा दुर्गाघाटाच्या गलीत सगळ्यांना वाटलं, आता ही बाई पापड लाटेल, नाहीतर काशीला येणाऱ्या नातेवाइकांची सरबराई करेल. कसलं काय! नव्या कारकुनांना शिकवण्यात पंचवीस वर्षं घालवलेली बाई, ती स्वस्थ बसते होय? एआय म्हणजे काय ते आधी स्वतः शिकली आणि मग दुसऱ्यांना शिकवत सुटली. कोर्टकचेरीतले वकील झाले, एका शाळेचे मास्तर झाले, एका दवाखान्याचं ऑफिस झालं. "पत्र लिहून मागा, लांबलचक अहवाल चार ओळींत मागा. घाबरू नका, चावत नाही ते," असं म्हणायची आणि माणसं हसत हसत शिकायची.

फक्त थोरल्या भावापुढे तिची डाळ शिजत नव्हती. नरहरदादा पंचगंगा घाटावर श्राद्धकर्म चालवायचा. घराण्याची वही त्याच्या ताब्यात. महाराष्ट्रातून आलेल्या यजमानांची दीडशे वर्षांची नावं तिच्यात, गाव, बाप, आजा, पणजा, सगळं. लहानपणी शरदिनीनं एकदा त्या वहीला हात लावला, तर वडील केवढ्यानं ओरडले होते! "पोरींचं काम नाही ते!" साठी उलटली तरी ते बोलणं तिला टोचायचं. दादानं एकदा, निदान एकदा तरी आपल्या कामाला काम म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती. तो म्हणायचा, "शरूचे फोनचे खेळ."

गेल्या भाद्रपदात पुरोहितांच्या मंडळानं तिला बोलावलं. बालाजी घाटाजवळच्या खोलीत वीसेक गुरुजी दाटीवाटीनं बसले. दादाही आला, बगलेत लाल कापडात बांधलेली वही, आणि सोबत साताऱ्याचा यजमान, केयूर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वडिलांचं श्राद्ध करायचं होतं. त्यात वडील, आजोबा, पणजोबा अशी तिन्ही नावं लागतात, आणि पणजोबांचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वहीत नोंद होती, पण मोडीत लिहिलेली, आणि एका पुरात पान भिजून नेमकं तेच नाव विरघळलेलं.

"दाखव बघू तुझ्या यंत्राला," दादा म्हणाला. वही त्यानं स्वतःच धरली. शरदिनीनं हात न लावता वरून फोटो काढला.

निमिषात उत्तर आलं. गाव बरोबर, आजोबा बरोबर, आणि पणजोबांचं नाव विश्वनाथ.

"गजब! वाह शरूताई!" खोलीत एकच कौतुक सुरू झालं. दादासुद्धा तिच्याकडे बघून हसला. केयूरनं डोळे पुसले आणि आईला फोनवर नाव सांगायला तो उठला.

शरदिनीला मात्र हातातला चहा गोड लागेना. लोकांना ती पहिली गोष्ट काय सांगायची? यंत्राचं उत्तर पडताळून बघा. आणि स्वतः बघितलं होतं का? कुठलं! दादा हसला आणि बाईसाहेब हुरळल्या. तिनं तोच फोटो पुन्हा टाकला. रघुनाथ. तिसऱ्यांदा टाकला. नारायण! मेल्याला ते नाव वाचताच आलं नव्हतं, छातीठोकपणे थापा मारत होतं.

गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं? दादा आत्ता कुठे हसला होता. पण उद्या हा भला माणूस भलत्याच नावानं पिंड देणार होता.

"केयूर, थांबा," ती उभी राहिली. "चुकलं माझं. हे नाव खरं नाही. यंत्रानं मनानं रचलंय, आणि मी न तपासता तुम्हाला दिलं."

मागे कोणीतरी खुसखुसलं. केयूरचं तोंड एवढंसं झालं. "मग उद्या काय म्हणायचं, गुरुजी?"

दादानं शांतपणे वही बांधली. "नाव कळत नसेल तर पणजोबांना आम्ही दिविषत् म्हणतो. म्हणजे आकाशात राहणारा. ठाऊक नाही हे कबूल करायचं, पण नाव बनवायचं नाही. शरू, तुझ्या यंत्राला कोणी एवढं शिकवलं नाही वाटतं?"

शरदिनीनं तिथल्या तिथे लिहिलं: जे दिसत नाही तिथे अंदाज करू नकोस, वाचता येत नाही एवढंच सांग. फोटो पुन्हा टाकला. उत्तर आलं, "हे नाव वाचता येत नाही."

"हां, आता बोललं शहाण्यासारखं," दादा म्हणाला.

"तरी दर वेळी ऐकेल असं नाही, दादा. आपले डोळे लागतातच," ती म्हणाली.

सकाळी पंचगंगेवर केयूरनं तिसऱ्या पिंडावर तीळ सोडले आणि खणखणीत आवाजात दिविषत् म्हटलं. उठला तेव्हा त्याचा चेहरा निवळला होता. शरदिनी दोन पायऱ्या वर बसून बघत होती. बरं वाटलं तिला, अगदी मनापासून.

यजमान गेल्यावर दादा पायऱ्या चढून आला आणि त्यानं लाल कापडातली वही तिच्यापुढे धरली.

"सगळी पानं उतरवून घे. नीट काम कर. जिथे पुसलंय तिथे रिकामं राहू दे."

शरदिनीनं आधी हात पदराला पुसले आणि मग वही घेतली.