पाटलांचं प्राग

टूरच्या ऑफिसात बसणाऱ्या बाईला गोष्टी शोधायला लागत नाहीत, त्या टेबलासमोर येऊन खुर्ची ओढून बसतात. पासपोर्ट ज्याचे त्याला परत जातात, गेल्या हंगामाची माहितीपत्रकं रद्दीत जातात, पण माणसं जे बोलून जातात ते कुठे जाणार? ते माझ्या डोक्यात साठतं. मी सुरतेत उधन्याला एका टूर कंपनीत व्हिसाचे फॉर्म भरते, सोळा वर्षं झाली. घरी नवरा विचारतो, तुझं तोंड बंद कधी असतं? मी म्हणते, फॉर्म तपासताना. आज मात्र फक्त आमच्या पाटलांचे किस्से सांगणार आहे. हसू आलं तर हसा बिनधास्त, मलाही यायचं.

*

आधी एक कबुली. ग्रुपबरोबर जाणारे सोडले, तर युरोपचे सल्ले देणाऱ्या आमच्या ऑफिसात युरोप पाहिलेला माणूस एकच, आमचे शेठ हरेशभाई. आणि ते गिऱ्हाइकासमोर कधी बसत नाहीत. बसायचे ते शांताराम पाटील. मूळचे शहाद्याकडचे, राहायला नवागामला. शिपाई म्हणून लागले आणि हळूहळू सरकत सरकत युरोपच्या टेबलावर आले. स्वतःचा लांबात लांब प्रवास म्हणाल तर सुरत ते शहादा!

पण माणूस तयारीचा. टूरवरून परत आलेल्या प्रत्येकाला बसवून चहा पाजायचे आणि पोलिसासारखी चौकशी करायचे. हॉटेलातून बाहेर पडलं की डावीकडे काय लागतं? पुलाला पायऱ्या किती? गुडघेवाल्यांना जमेल का? सगळं वहीत लिहून ठेवायचे.

एकदा एक साडीचे व्यापारी रोमहून आले आणि कुरकुरायला लागले, ते नाणी टाकायचं कारंजं काही आम्हाला सापडलंच नाही म्हणून. पाटलांनी वही न उघडता सांगितलं, "औषधाच्या दुकानापाशी तुम्ही उजवीकडे वळलात. डावीकडे वळायचं होतं." व्यापाऱ्यांनी फोनवर नकाशा काढून पाहिला. खरोखरच उजवीकडे वळले होते.

तुम्ही किती वेळा जाऊन आलात, असं कोणी विचारलंच तर पाटील न बिचकता सांगायचे, "आपलं तर रोजचंच आहे."

*

उन्हाळ्यात आमच्या दोन छोट्या टूर असतात. सहा दिवस व्हेनिस किंवा सहा दिवस प्राग. नवरा-बायको येतात आणि पाटलांच्या टेबलावर भांडतात. पाटील कधीच कोणाची बाजू घेत नसत.

बमरोलीचं एक जोडपं होतं. गृहस्थ प्रोसेसिंग मिलमध्ये मॅनेजर, त्यांना व्हेनिस. बाईंना प्राग. तासभर झाला तरी गाडी पुढे सरकेना. शेवटी पाटलांनी बाईंना हळूच विचारलं, "भाभी, घरात तुमच्या मनासारखं शेवटचं कधी झालं होतं?"

बाई विचार करायला लागल्या. करतच राहिल्या. मग साहेबांनी स्वतःच खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, प्राग लिहा.

मी तेव्हा पाटलांना खूप चिडवलं, की हा प्रश्न घरी विचारून बघा एकदा. ते वही उघडून लिहायला लागले. मला आपली सवय, बोलून जायची.

*

पाटलांना वीस वर्षं झाली तेव्हा दिवाळीच्या पूजेला शेठनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, पाटील आणि त्यांच्या मिसेस येत्या उन्हाळ्यात ऑफिसतर्फे युरोपला जाणार. व्हेनिस किंवा प्राग, त्यांनी ठरवायचं. पाटील प्रसादाचा द्रोण तसाच ठेवून बाथरूममध्ये गेले आणि दहा मिनिटं बाहेर आलेच नाहीत.

घरी पाटलांच्या मिसेस, लतावहिनी, साड्यांवर खडे चिकटवायचं काम करतात. करायच्या. पाटलांनी बातमी दिली तेव्हा त्यांनी मांडीवरची साडीसुद्धा बाजूला ठेवली नाही. एवढंच विचारलं, तिथे स्वयंपाक कोण करतं? पाटील म्हणाले, ग्रुपबरोबर आपले महाराज असतात, तेच दोन्ही वेळचं करतात. वहिनींनी परत परत विचारून खात्री करून घेतली. सहा दिवस कोणीतरी दुसऱ्यानं रांधलेलं खायचं, हे ठरल्यावर शहर कोणतं त्याला त्या फारसं महत्त्व द्यायला तयारच नव्हत्या.

*

वहिनींना साखरेचा आजार जुना. थंडीत एकदम किडन्यांनी हात टेकले आणि डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार चार तास. पाटील सकाळी त्यांना घेऊन जायचे आणि दुपारी ऑफिसला यायचे.

ऑफिसात सगळ्यांनी गृहीत धरलं, आता कसली टूर. मी तर तोंडावरच बोलले, "पाटील, युरोप काय पळून जातंय? पुढच्या वर्षी जा."

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "ताई, डॉक्टर म्हणतात तिचं हृदयही थकलंय. जायचं असेल तर याच उन्हाळ्यात."

अजूनही माझं ते वाक्य आठवलं की लाज वाटते, खोटं कशाला सांगू.

पण पाटील पाटीलच होते. त्यांनी कुठून तरी शोधून काढलं की परगावी गेलेल्या पेशंटना तिथली डायलिसिस सेंटरं ठरावीक दिवसांपुरती जागा देतात. रविवारी निघायचं, मंगळवार आणि गुरुवार तिकडे करून घ्यायचा, शनिवारी परत सुरत. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली. मग दोन्ही शहरांना इंग्रजीत पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. सोळा वर्षांत मी हजारदा लिहिलंय की हा माणूस नक्की परत येईल, याला व्हिसा द्या. तुमच्याकडे चार तास एक खुर्ची मिळेल का, असं आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं.

*

दोन्हीकडून होकार आला! व्हेनिसवाले म्हणाले संध्याकाळी या, बोटीनं यावं लागेल. प्रागवाले म्हणाले सकाळी सात ते अकरा, ट्राम दारात थांबते. आता फॉर्म कोणत्या देशाचा भरायचा ते मला ठरवून हवं होतं, म्हणून एका रविवारी मीच नवागामला गेले.

पाटलांचं गणित तयार होतं. सकाळी डायलिसिस झालं की ती दिवसभर झोपते, मग बघणार काय? म्हणून व्हेनिस बरं, दिवसा फिरायचं आणि संध्याकाळी खुर्चीवर. वही काढून त्यांनी कालवे, पूल, बोटी, पाण्यातली घरं असं सगळं अर्धा तास रंगवून सांगितलं. मलाच जावंसं वाटायला लागलं.

वहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांना दिवसाला लिटरभरच पाणी, औषधाच्या गोळ्यांसकट. शेजारी खुणा केलेली बाटली ठेवलेली. सगळं ऐकून घेतल्यावर त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "जठे तठे पानी, आन् माले मोजीसन पेनं पडस. नको माय."

पाटलांनी वही मिटली. म्हणाले, प्रागलाही नदी आहे बरं का.

"एकच शे ना? मंग चाली."

आणि वहिनी हसल्या. पाटीलही हसले. मी फॉर्मवर मान खाली घालून प्राग लिहिलं.

*

व्हिसाच्या फोटोला हसायचं नसतं. गल्लीतल्या फोटोवाल्यानं वहिनींना उभं केलं, चेहऱ्यावर सूज होती तरी काठाची साडी नेसून आल्या होत्या. तो म्हणाला, हसना मत. त्यांना हसू आलं. दुसरा काढला, पुन्हा हसू. सात वेळा! फोटोवाला वैतागला, म्हणाला, माँजी, ऐसे में व्हिसा नहीं मिलेगा.

वहिनींनी पाटलांना बाहेर जायला सांगितलं. तुमच्याकडे बघितलं की हसू येतं, म्हणाल्या. पाटील बाहेर गल्लीत जाऊन पाठमोरे उभे राहिले, तेव्हा कुठे आठवा फोटो गंभीर आला.

*

होळीच्या आठवड्यात वहिनी गेल्या. सकाळी चहा केला, स्वतःचा अर्धा कप प्यायल्या आणि बसल्या जागी कलंडल्या.

मी दुखवट्याला बसायला गेले तेव्हा भिंतीवर हार घातलेला फोटो तोच होता, आठवा. पाटलांची मुलगी सांगत होती, आईचा एकटीचा दुसरा फोटोच घरात नाही. मला तिथे रडू आवरेना आणि ते सगळे मलाच पाणी देत बसले.

दहाव्याच्या दिवशी कुरियर आलं. दोन्ही पासपोर्ट, दोन्हींवर प्रागचा व्हिसा. मी वहिनींचा उघडून पाहिला, नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, कुठे चूक नाही. इतकी वर्षं व्हिसा आला की मी मोठ्यानं ओरडून सांगते, सगळ्या ऑफिसला सवय आहे. त्या दिवशी पाकीट खणात ठेवलं आणि कुलूप लावलं.

पाटील कामावर आल्यावर पंधरा दिवसांनी मी विचारलं, तिकडच्या दवाखान्याला कळवून टाकू का? ते म्हणाले, "राहू द्या ताई, मी कळवतो."

मी परत विचारलं नाही.

*

मे महिन्यात प्रागचा ग्रुप निघायच्या चार दिवस आधी टूर मॅनेजर जिन्यावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. तीस माणसं तयार, आणि महाराज सोडले तर व्हिसा हातात असलेला ऑफिसचा माणूस एकच. शेठ पाटलांपुढे हात जोडून उभे राहिले. शहाद्याहून भावकीचे फोन आले, वर्ष तरी होऊ द्या, लोक काय म्हणतील. पाटलांनी सगळ्यांना एकच सांगितलं की नोकरी आहे.

गेले. ग्रुप सुखरूप परत आला, एकाचीही तक्रार नाही. पाटलांना विचारलं, कसं होतं प्राग? म्हणाले, छान. वहीसुद्धा उघडली नाही.

बाकीचं मला महाराजांनी सांगितलं. आमचे महाराज पालनपूरचे, गुजरातीच बोलतात, आणि या माणसाला तिखटमीठ लावायची सवय फक्त भाजीपुरती आहे, म्हणून सांगते.

मंगळवारी नाश्ता हॉटेलचा होता, महाराज मोकळे. नऊ वाजता तिथला गाईड ग्रुपला किल्ला दाखवायला नेणार होता. पाटील साडेसहाला महाराजांना म्हणाले, जरा माझ्याबरोबर चला, मला एकट्याला जमणार नाही. ट्रामनं गेले. दवाखाना आला. पाटलांनी खिशातून होकाराचं पत्र काढून दाखवलं. नर्सनं यादीत नाव पाहिलं, मान हलवली, मग पाटलांच्या मागे पाहिलं, महाराजांच्या मागे पाहिलं, दाराबाहेरही जाऊन पाहून आली.

पाटलांनी मोबाइलमधला वहिनींचा हार घातलेला फोटो दाखवला आणि मान खाली घातली. नर्सनं हातातली यादी खाली ठेवली. मग त्यांच्या दंडाला धरून तिनं आत नेलं. ओळीनं खुर्च्या, सगळ्यांवर पेशंट, एक रिकामी. तिनं बाजूला स्टूल आणून ठेवलं.

"बेन, ए तो त्यां बेसी रह्या," महाराज म्हणाले. "अगियार वाग्या सुधी." स्टुलावर बसून राहिलेले पाटील अकरा वाजता नर्स आली तेव्हा कुठे उठले.

मी विचारलं, "आणि गुरुवारी?"

महाराज म्हणाले, गुरुवारी पण गेलो. आम्ही आत गेलो, तर त्या नर्सनं ती रिकामी खुर्ची आधीच खिडकीकडे वळवून ठेवली होती.