शैलाची खिरापत

परवा कोजागिरीच्या संध्याकाळी, आमच्या मदन महाल वस्तीतल्या घरात भुलाबाईची गाणी संपली. खिरापतीचा झाकलेला डबा नातीपुढे धरून मी म्हणणार होते, "ओळख!"... पण डबा तसाच मांडीवर ठेवला.

पासष्ट साल. लढाई चालू होती, कॉलनीतले सगळे बाबा दारूगोळ्याच्या फॅक्टरीत डबल ड्यूटीवर, खिडक्यांच्या काचांना काळे कागद. तरी पाऊस सरला, दारात पारिजातकाचा सडा पडू लागला की आम्हा पोरींना भुलाबाईशिवाय काही सुचायचं नाही. महिनाभर घरोघरी गाणी, आणि शेवटी डबा कानाशी हलवून आतली खिरापत ओळखायची. यात मला कोणी हरवू शकत नसे... आणि मी ते मिरवायचेही भरपूर.

शैला माझी जिवलग मैत्रीण. तिचे बाबा ड्यूटीवर मिळालेला खाऊ स्वतः न खाता डब्यातून घरी आणायचे. दारातूनच डबा हलवत म्हणायचे, "ओळख!"

त्याच महिन्यात ते गेले. कामावर छातीत कळ आली, खाली बसले ते उठलेच नाहीत. त्यांचा डबा तेवढा कोणीतरी घरी आणून दिला.

शैलाकडची भुलाबाई तिथेच थांबली. कोजागिरीला मात्र ती आमच्याकडे आली, हातात तोच डबा. "ही माझी खिरापत. उघडला नाही अजून कोणी. तू सांग ना, काय आहे..."

मी डबा हलवला. काहीच वाजलं नाही. पुन्हा हलवला... रिकामा होता. शैला माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बुंदीचा लाडू," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम चुकले.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. डबा न उघडता पोटाशी धरून घरी गेली.

परवा राहवलं नाही. शैलाला नागपूरला फोन लावला आणि इतक्या वर्षांनी सांगून टाकलं... डबा रिकामा होता गं, मी खोटं बोलले.

ती म्हणाली, "अगं, काहून रडून राहिली? मीही हलवून पाहिला होता ना घरी. मला फक्त कोणीतरी लाडू म्हणायला हवं होतं..."

आमच्या कोजागिरीच्या खिरापतीत दरवर्षी बुंदीचे लाडूच का, म्हणून नात नेहमी कुरकुरते. परवा तिला जवळ बसवून सांगितलं.