डावीकडे ओढणारा ट्रक

"पेंडसे, ही गाडी ठोकलेली आहे. चासी वाकडी म्हणून लिहून द्या आणि वाटेला लावा." ट्रायलला गाडी डावीकडे ओढत होती; उतरल्या उतरल्या राणेसाहेबांनी फर्मान सोडलं.

राणेसाहेब वर्कशॉपचे मालक, मी इंजिनिअर. वर्कशॉप तुर्भ्याला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाडी म्हणजे लांब नाकाचा जुना ट्रक, आमचे गिऱ्हाईक अन्वरभाई यांच्या अब्बांनी घेतलेला. त्याच्यावरच घरचा लाकडाचा धंदा उभा राहिला. आता भावांना तो भंगारात घालायचा होता. नवं सस्पेन्शन टाकून सरळ चालला तर ठेवू, नाहीतर विकू, एवढ्यावर अन्वरभाईंनी त्यांना कसंबसं राजी केलं होतं. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा; ती 'वाकडी' असं मी लिहिलं की ट्रक संपला.

जुन्या कडक कमानी काढून आम्ही पुढे लांब, मऊ कमानी बसवल्या होत्या. कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. त्यांच्यातून आरपार जाणारा सेंटर बोल्ट पुढच्या अॅक्सलची जागा ठरवतो. नव्या कमानींत हा बोल्ट मधोमध नव्हता. पुढची बाजू आखूड, मागची लांब. कमान उलटी बसली तर चाक मागे सरकतं. म्हणून कमानवाला पुढच्या टोकाला लाल ठिपका देतो.

मी टेप लावला. पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर डावीकडे दोन बोटं कमी भरलं. म्हणजे अॅक्सल तिरका.

फोरमन पाटीलमामा तळवलीचे. त्यांना विचारलं, "मामा, ठिपके पुढेच आहेत ना?"

"पुढंच हाईत सायब. दोनी साइडला. या, बगा."

बघितलं. दोन्हीकडे पुढे लाल. मग राहिली चासी. मलाही संशय आलाच. जुनी गाडी, वर ताजा रंग. गिऱ्हाईक सगळं सांगतं थोडंच?

अन्वरभाईंना बोलावलं. "कधी अॅक्सिडेंट झाला होता?"

"नाय साहेब. अब्बांनी ओरखडा येऊ दिला नाय. त्यांची कसम."

"कसम सगळेच खातात," राणेसाहेब त्यांच्या तोंडावर म्हणाले. मला ते ऐकवेना, पण मी खाली बघून टेप गुंडाळू लागलो.

लिहून देण्याआधी मी चासीची तिरपी मापं घेतली. चारही ब्रॅकेटवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने खुणा करायच्या, मग तिरके समोरासमोरचे कोपरे मोजायचे. चासी वाकली असेल तर ही दोन मापं जुळत नाहीत. इथे तंतोतंत जुळली. माणूस खरं बोलत होता.

आता मला मामांचा संशय येऊ लागला, मग कमानवाल्याचा. शेवटी कमानच मोजली. डावी चक्क उलटी! मग पुढे लाल कसं? रॉकेलचा बोळा फिरवला तर लाल बोळ्यावर उतरलं. मागच्या टोकाचा मळ पुसला, तिथे खरा ठिपका निघाला. तो काही पुसला जाईना.

मामांनी कपाळावर हात मारला. "सायब, ह्ये तर कुकू हाय! खंडेनवमीचा!"

कमानी आल्या त्याच दिवशी हत्यारांची पूजा होती. हत्यारांबरोबर कमानींनाही कुंकू लागलं. तेलकट पाट्यावर ते रंगासारखं बसलं. मामांना जे लाल आधी दिसलं ते त्यांनी पुढे घेतलं. उजवी नशिबाने सुलटी बसली.

पूजा केली होती राणेसाहेबांनी, सोवळं नेसून. हे कळल्यावर त्यांना अचानक एक फोन आठवला आणि ते केबिनमध्ये गेले.

कमान फिरवली. ठाणे-बेलापूर रोडला अन्वरभाईंनी स्वतः गाडी चालवली. स्टिअरिंगवरून हात किंचित उचलले. ट्रक सरळ गेला. मी उलट्या कमानीचा सगळा प्रकार त्यांना सांगितला. वाटलं, हसतील.

ते हसले नाहीत. म्हणाले, "गाडी घरी राहील साहेब, मेहरबानी. पन मी कसम खाल्ली तेव्हा तुमी खाली बघत होता."

गाडी डावीकडे ओढत असेल तर पहिलं माप आपल्या हातच्या कामाचं घ्यावं. गिऱ्हाइकाचं नंतर.