चातुर्मासातली कॅप्सूल

वजन कमी करायचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "पोट लहान केलंय, आतडंही वळवलंय. खाल्लेलं सगळं आता अंगी लागणार नाही. गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर." जन्मभराचं मला काही वाटलं नाही. जन्मभर तर मी टिकलीही लावतेय, ती कशाला म्हणून कुणी विचारत नाही.

लोकांना माझ्या गोळ्या मात्र खुपतात. जाड होते तेव्हा ताटातल्या पोळ्यांवर डोळा, आता डबीवर. "झालीस ना बारीक? मग अजून कसलं औषध?" सकाळी लोहाची गोळी, दुपारी कॅल्शियमची, कारण दोघींचं एकमेकींशी पटत नाही. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला हे अवघड नाही.

गेल्या वर्षी नणंदेने शोध लावला की माझ्या बी-ट्वेल्वच्या कॅप्सूलचं आवरण जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात. आमच्याकडे चातुर्मासात अंडंही उंबरा ओलांडत नाही. सासूबाई कळवणहून आमच्याकडे राहायला आलेल्या. म्हणाल्या, "चार महिने नाय खाल्ल्या तर कोणी मरत नाय." घरात कटकट नको म्हणून मी डबी कपाटात टाकली. तपासणीलाही गेले नाही.

दिवाळीच्या तोंडावर अंबडला, मी नोकरी करते त्या कंपनीच्या गेटवर वॉचमन ओरडला, "मॅडम, चप्पल!" वळून पाहिलं तर माझी डावी चप्पल पार रस्त्यापलीकडे पडलेली. खडीवरून मी डावा पाय अनवाणीच टाकत आले होते, तळव्यातून रक्त येत होतं, आणि मला पत्ताच नव्हता. त्या दिवशी मी खरी घाबरले. बी-ट्वेल्व तळाला गेलं होतं, नसा दुखावल्या होत्या. इंजेक्शनं घेतली, उजवा पाय सुधारला. डाव्या पायाच्या बोटांचं डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पुन्हा खंड पडला तर चालणंही जाईल, एवढं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी मी नुसतं "अशक्तपणा होता" म्हणाले.

यंदा चातुर्मास लागला त्या दिवशी घरात भजनाच्या बायका जमल्या होत्या. मी सगळ्यांदेखत पाण्याचा पेला घेतला आणि कॅप्सूल काढली.

"आज तरी नको," सासूबाई म्हणाल्या. "लय लाड झाले पोटाचे."

माझं डोकंच फिरलं. शाकाहारी आवरणाच्या कॅप्सूल मिळतात, मी मागवल्याही असत्या. पण माझ्या पायांसाठी मला आता कुणाची परवानगी नको होती. मी त्यांच्यासमोर बसले आणि डावा पाय सरळ त्यांच्या पुढ्यात पसरला. सासूपुढे पाय कोण पसरतं?

"आई, करंगळीला चिमटा काढा. मी ओरडले तर चार महिने गोळी बंद."

त्यांनी काढला, रागानेच, नख रुतवून. माझ्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा काढला, आणखी जोरात. कातडीवर लाल वळ उठला.

"लागलं?"

"नाही."

"कधीपासून हे?"

"गेल्या चातुर्मासापासून."

त्यांनी माझं पाऊल मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी बोटं चोळायला लागल्या. थोरल्या माणसाचा हात पायाला लागला की आपण चटकन पाय ओढून घेतो, तीच आपली रीत. मी कॅप्सूल गिळली. पाय मागे घेतला नाही.