दातवालीचं थकलेलं बिल

कल्पना करा, तुम्हाला एक थकलेलं बिल भरायचं आहे. पैसे आहेत, भरायची तयारीही आहे. फक्त बिल ज्या देशातलं आहे, तो सोडून तुम्हाला बरीच वर्षं झाली आहेत. कंपनीच्या साइटवर नाव टाकलं की ती म्हणते, तुम्ही तुम्हीच आहात हे आधी सिद्ध करा. त्यासाठी ती ओटीपी पाठवते, तुमच्या जुन्या नंबरवर. आणि तो नंबर आता दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. आता भरून दाखवा.

ताईवर ही वेळ आली तेव्हा ती परदेशातल्या लॅबमध्ये एका दाढेला रंग देत होती. कधीही न पाहिलेल्या माणसाच्या तोंडात बसतील असे कृत्रिम दात बनवणं हे तिचं काम. म्हणून आईबाबांच्या गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. शेजारच्या दातापेक्षा नवा दात किंचित जरी पांढरा दिसला तरी ती सगळा उतरवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

फोन धाकट्या भावाचा होता. "ताई, कर्ज नामंजूर झालं."

"तुझंच काहीतरी राहिलं असणार. तरी सांगत होते, गाडीचे हप्ते..."

"माझं सगळं चोख आहे. तुझ्यामुळे अडलंय."

ताईला हसूच आलं. पण त्याने सगळं सांगितल्यावर हसू विरलं.

आईबाबा राहत होते ते भाड्याचं घर मालकाने विकायला काढलं होतं. महिनाअखेरपर्यंत तुम्ही घ्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं त्याने सांगितलं होतं. भावाचा पगार कमी पडत होता, म्हणून कर्जाच्या अर्जात ताईचं नाव जोडलं होतं. आणि बँकेला ताईच्या नावापुढे दिसलं, थकबाकीदार.

तिच्या हातातला ब्रश तसाच राहिला. त्याच्यावरचा ओला रंग वाळून गेला. हा शब्द तिने आजवर फक्त दुसऱ्यांबद्दल ऐकला होता. मागून आणलेलं पेनसुद्धा शाई संपायच्या आत परत करणारी ती.

बिल इंटरनेटचं निघालं. शिकत असताना ती ज्या खोलीत राहायची, तिथल्या मुलींची एक रीत होती. खोली सोडताना कनेक्शन बंद करायचं नाही, कारण नवं घ्यायचं तर डिपॉझिट भरावं लागे. नाव पहिलीचंच राहायचं, पैसे राहणारीने भरायचे. नाव ताईचं होतं. तिच्यामागे मुली येत गेल्या, जात गेल्या. शेवटची गेली ती न भरताच गेली.

"तू बंद का नाही केलंस?" भावाने विचारलं.

"कुणीच करत नव्हतं रे." बोलता बोलता तिलाच ते उत्तर पोरकट वाटलं.

शेवटी तिने स्वतःच्याच जुन्या नंबरवर फोन लावला.

"मी हा नंबर आधी वापरत होते. तुम्हाला एक ओटीपी येईल, तो जरा..."

"आता बायकाही या धंद्यात उतरल्या का?" पलीकडून एक पुरुष म्हणाला, आणि फोन कट.

दुसऱ्यांदा तिने सुरुवातच स्वतःच्या पूर्ण नावाने केली.

"म्हणजे त्या तुम्ही? अहो, मी टेम्पो चालवतो. हा नंबर घेतल्यापासून वसुलीवाले तुमच्या नावाने मला झापतायत. तुमची जन्मतारीख मला पाठ झालीय. बायको विचारते, ही बाई कोण?"

ताईचे कान तापले. आपलं नाव एका अनोळखी घरात भांडणं लावत होतं, आणि ती इकडे दातांच्या छटा जुळवत बसली होती.

"मला खरंच माहीत नव्हतं हो, दादा."

"ते मला सांगू नका. हिला सांगा." त्याने फोन बायकोकडे दिला.

बायकोने ताईला चांगलं खोदून खोदून विचारलं. राहता कुठे, करता काय, लग्न झालंय का. सगळं ऐकून घेतल्यावर तिनेच ओटीपी वाचून दाखवला, आणि वर म्हणाली, "आता आमचा पिच्छा सोडा म्हणावं त्या वसुलीवाल्यांना."

साइटवर निम्मी रक्कम भरून प्रकरण मिटवायची सोय होती. भाऊ म्हणाला, "निम्म्यातच आटप." पण कर्ज नाकारणाऱ्या बँकेतल्या साहेबांनी तिला फोनवर आधीच बजावलं होतं. निम्मे भरले तर तडजोड अशी नोंद राहते आणि तोही डागच. ताईने पूर्ण भरले आणि लगेच त्यांना फोन लावला.

"छान केलंत," साहेब म्हणाले. "पण नोंद सुधारायला दोनेक महिने जातात."

"घर तोवर जाईल हो. माझं बाकीचं बघा ना. भाडं, वीज, फी, कधी एक दिवस उशीर नाही केला."

"ते आम्हाला दिसत नाही, मॅडम. तुम्ही कधी कर्ज काढलं नाही, कार्ड घेतलं नाही. तुमच्या नावावर ही एकच नोंद आहे."



"मग साहेब," ती म्हणाली, "आजवर जे वेळेवर भरलं, ते कुठे लिहिलेलं असतं?"