होडी एकदाच आली

मंडळी, लॅबमध्ये टर्मिनलवर बसलोय, पण प्रोग्रॅमला हात लावायची ताकद नाही. सकाळपासून अंडरग्रॅडचे पेपर तपासले, दमून संध्याकाळी घरी गेलो आणि आता परत आलोय.

माझ्या घरमालकीण मिसेस यानसेन मूळच्या हॉलंडच्या. त्यांनी कॉफीला बसवलं, बिस्किटांचा डबा पुढे केला. पोटात कावळे ओरडत होते, तरी सवयीने म्हणालो, "नको, नको." त्यांनी झाकण लावलं. त्या पुन्हा विचारतील म्हणून मी वाट बघत बसलो.

भिंतीवर त्यांच्या गावाकडचा विमानातून काढलेला फोटो आहे. चार लहान गावं, सपाट हिरवी शेतं, सरळ कालवे आणि घरांपेक्षा उंच मातीचा बांध. समुद्राचं पाणी उपसून मिळवलेली जमीन ती. बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, "गाव का सोडलंत?"

"बांध फुटला," त्या म्हणाल्या. "सगळे छपरांवर होतो. माझ्या मावशीकडे होडी आली, तर ती म्हणाली, आधी बाकीच्यांना न्या. होडी परत आलीच नाही."

कॉफी निवत होती. मी कसंबसं म्हणालो, "मिसेस यानसेन, मला खरं तर भूक लागलीय."

त्यांनी डबा उघडला.

आता आठवतंय, इथे परदेशात आल्यापासून आपल्याकडच्यासारख्या आग्रहाची वाट बघत मी किती घरांतून उपाशी उठलोय. यार, तुम्हाला जमतं का, पहिल्याच वेळी "हो" म्हणायला?