शीग लावलेली वाटी

माझ्या आईचं माप खोटं आहे, असं मी स्वतःच्या हातानं तिला लिहून पाठवलं होतं. मला फसवलं होतं दुसऱ्याच कोणी, आणि ते कळायला बारा वर्षं गेली.

वर्धा आणि जबलपूर तेव्हा एकाच मध्यप्रांतात, म्हणून वडिलांना मुलगी लांब दिलीसं वाटलं नाही. जबलपूरच्या चेरीताल भागातल्या सासरच्या घरातली माझी ती पहिलीच दिवाळी. नानखटाईचं काम सासूबाईंनी माझ्याकडे दिलं. तोवर ते वन्संकडे, म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेकडे असे, हे मला कोणी सांगितलं नाही. मी आपली हरखले. आईनं तिची वाटी बरोबर दिली होती आणि माप पाठ करून घेतलं होतं: आठ वाट्या मैदा, चार तूप, चार पिठीसाखर. पण मैदा शीग लावून, काठावर डोंगर येईल असा, बाकीचं सपाट. माहेरचं एवढं तरी या घरात चालावं, अशी माझी फार इच्छा होती.

घरी भट्टी कुठली! सगळं सामान घेऊन सदर बाजारातल्या बेकरीत जायचं आणि समोर बसून करून घ्यायचं. बेकरीवाल्याला वाटी चालत नसे, तो शेर-छटाकात बोले. तेव्हा वाटीचं वजन करणं आलं. नव्या सुनेनं एकटीनं वाण्याच्या दुकानात जाणं शक्यच नव्हतं.

"द्या वहिनी, मी तोलून आणते. कोपऱ्यावर तर जायचं आहे," वन्सं म्हणाल्या.

मी वाटी दिली आणि शिगेचं दोनदा सांगितलं.

"अच्छा बाबा, समजलं न!" त्या हसल्या. त्या घरात माझ्याशी हसून बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

चिठ्ठी आली: मैदा दहा छटाक, तूप आठ, पिठीसाखर पाच. त्याप्रमाणे सामान बांधून आम्ही दोघी टांग्यानं निघालो.

तुपात मैदा मिसळताना बेकरीवाला थांबला. "बहूजी, मैदा कम लग रहा है."

मी वन्संकडे पाहिलं.

"जितना लिखा है उतना ही डालो, भैया," त्या म्हणाल्या.

भट्टीतून पत्रे बाहेर आले तेव्हा नानखटाया पसरून एकमेकींत मिसळल्या होत्या. घरी सासूबाईंनी एक तुकडा उचलून पाहिला. "हेच शिकवलं काय आईनं?" पुढच्या वर्षी काम पुन्हा वन्संकडे गेलं. मला सगळा राग आला तो आईचा. मी लिहिलं, तुझ्या मापानं माझी शोभा झाली, तुझं माप खोटं आहे. तिचं कार्ड आलं: "असेल बाई. माझंच चुकलं असेल."

बारा वर्षांनी दिवाळीआधी मी वन्संच्या घरी नागपूरला गेले होते. मी वेलची सोलत बसले होते. त्यांची मुलगी नानखटाईसाठी मैदा मोजत होती.

"शीग लाव, शीग," वन्सं तिला म्हणाल्या. "सपाट घेतलं की पसरते."

म्हणजे त्या चिठ्ठीतले दहा छटाक सपाट वाट्यांचे होते. "तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मग? नानखटाई माझी होती वहिनी. तुम्ही आल्या अन् माझ्या आईनं उचलून तुम्हाला दिली." मग लगेच, "एवढ्या वर्षांचं काहून उकरून राहिल्या? चलो, वेलची द्या."

मी वेलची दिली. काही बोलले नाही, याचा मला अजून संताप येतो. ज्या बाईला मी त्या घरातली माझी एकमेव मैत्रीण समजत आले, तिनं मला माझ्या आईविरुद्ध उभं केलं होतं.

आई तोवर गेली होती. माझ्या त्या पत्रानंतर माहेरी नानखटाई कधी झाली नाही. दिवाळीला गेले की डब्यात बाजारची बिस्किटं असत. मी ती खात असे आणि मनात म्हणत असे, बरं झालं, हिला आपली चूक कळली.